बारावीनंतर जिऑलॉजी: कोकणातली पोरं तिथे पोचतील कशी आणि टिकतील कशी?

कातळसडा (राजापूर)

नमस्कार मंडळी. राजापूर तालुक्यातल्या एका ज्युनियर कॉलेजात फिजिक्स शिकवतो. प्रश्न लांबलचक आहे, चहा घेऊन बसा.

यंदा बारावीला दोन पोरं अशी आहेत की ज्यांना खरोखर दगड, माती, पाणी, समुद्र या शास्त्रात जायचंय. एक मुलगी, खाडीच्या तोंडाजवळच्या मच्छीमार घरातली. खाडीच्या मुखाशी गाळ साचतो आणि होड्या भरतीची वाट बघत अडकून राहतात, तर हा गाळ येतो कुठून आणि दर पावसाळ्यानंतर जागा का बदलतो हे ती अकरावीपासून विचारतेय आणि मला फिजिक्सवाल्याला लाटांच्या पुढे फार काही सांगता येत नाही. दुसरा मुलगा धनगरवाड्यावरचा, वडील चिरेखाणीवर कामाला. हा सुट्टीत कातळशिल्पं (कातळावर कोरलेली जुनी चित्रं) बघायला येणाऱ्यांना वाट दाखवायला जातो. २०२२ ला ती युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली तेव्हापासून येणारे वाढलेत, कोणी ड्रोन घेऊन येतं कोणी मोजपट्ट्या, आणि हा त्यांच्या पिशव्या उचलता उचलता विचारतो की वर एवढा कडक जांभा आणि खाणीत खाली उतरलं की मऊ पांढरट माती लागते ते कसं काय.

दोघांच्याही घरात दहावीच्या पुढे कोणी गेलेलं नाही. आमच्याकडे बारावीनंतरचं मार्गदर्शन म्हणजे नर्सिंग, फार्मसी, आयटीआय, पैसे असतील तर इंजिनियरिंग. आजूबाजूच्या कॉलेजात बीएस्सी आहे पण फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स, बॉटनी, झूलॉजी. जिऑलॉजी करायची तर बाहेर पडावंच लागतं.

आणि मला भीती बाहेर पडण्याची नाही, परत येण्याची आहे. काही वर्षांपूर्वी आमचा एक हुशार मुलगा याच विषयासाठी एका शहरातल्या कॉलेजला गेला आणि दुसऱ्या सेमिस्टरला घरी. हॉस्टेल मिळालं नाही, रूमचं भाडं परवडेना, लेक्चर सगळं भरभर इंग्रजीत, आणि फील्ड टूरचे पैसे भरायची तारीख निघून गेली. तो का येत नाही हे कॉलेजातून कोणी एका शब्दाने विचारलं नाही. आता तो टेम्पो चालवतो, बरं चाललंय त्याचं, पण तो विषय काढला की गप्प होतो.

तर सांगा: कुठे पाठवू, पैशाचं काय, मुलीचा ग्रुप बायोलॉजीचा आहे मॅथ्स नाही ते चालेल का, आणि मुख्य म्हणजे पोरं टिकतात ती कशामुळे?


बांदा_ते_पणजी (सावंतवाडी)

सर, मी सिंधुदुर्गातला, बीएस्सी आणि एमएस्सी दोन्ही गोव्यात केलं, त्यामुळे माझं मत थोडं तिकडे झुकणार हे धरून चाला.

आपल्या लोकांच्या डोक्यात शिक्षण म्हटलं की मुंबई नाहीतर पुणे. मुंबईत झेवियर्सला जिऑलॉजी आहे, पुण्यात फर्ग्युसन आणि वाडियाला आहे, सगळी नावाजलेली, त्यात वाद नाही. पण राजापूरहून पणजी जवळ पडते की पुणे हे नकाशात बघा. मिरामारचं धेंपे, मडगावचं चौगुले, दोन्हीकडे जिऑलॉजी शिकवतात, पुढे गोवा युनिव्हर्सिटीत एमएस्सी आहे, आणि दोना पावलाला एनआयओ म्हणजे राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था, वास्कोला अंटार्क्टिकाचं काम बघणारी एनसीपीओआर. तुमच्या त्या खाडीवाल्या मुलीला गाळाचं जे काय विचारायचंय ते विचारायला देशात याहून चांगली जागा नाही असं माझं स्पष्ट मत आहे. २६ सप्टेंबर हा सीएसआयआरचा, म्हणजे एनआयओ जिच्याखाली येते त्या परिषदेचा, स्थापना दिवस, त्याच्या आसपास एनआयओ लोकांसाठी उघडी ठेवतात, फोन करून तारीख विचारा आणि पोरांना घेऊन जा. मी अकरावीत असताना आमचे एक मास्तर आम्हाला घेऊन गेले होते आणि समुद्राच्या तळाचा गाळ काढलेला लांब नळा तिथे पहिल्यांदा बघितला, कापून उभा चिरलेला, थरावर थर. तोवर मला वाटायचं शास्त्रज्ञ म्हणजे पांढरा कोट आणि परीक्षानळी.

आता वाईट बाजू पण सांगतो. एक म्हणजे गोव्यात गोंयकारांना प्राधान्य असतं, बाहेरच्यांच्या जागा आणि फी वेगळी असू शकते, आणि महाराष्ट्राची स्कॉलरशिप राज्याबाहेर कशी लागू होते हे समाजकल्याणच्या ऑफिसात जाऊन लेखी विचारून घ्या, तोंडी सांगतात त्यावर जाऊ नका. दुसरं म्हणजे गोव्यात जिऑलॉजी म्हणजे खाण असं समीकरण होतं. २०१२ ला खाणी बंद झाल्या, मधे चालू झाल्या, २०१८ ला सुप्रीम कोर्टाने ८८ लीज रद्द केल्या. आमच्या सीनियर बॅचची पोरं हातात डिग्री घेऊन बसली होती. तेव्हापासून मी सगळ्यांना सांगतो की एका धंद्याच्या भरवशावर हा विषय घेऊ नका.

मॅथ्सचं म्हणाल तर बऱ्याच ठिकाणी बीएस्सी जिऑलॉजीला बारावी सायन्स पुरतं. पण मॅथ्स नसेल तर जिओफिजिक्सचं (भूभौतिकी) दार जवळपास बंद होतं. मुलीला तिकडे जायचं नाहीये ना, मग अडत नाही.


सातबारा (लांजा)

सर रागावू नका पण कोणीतरी हे बोलायला हवं. बीएस्सी जिऑलॉजी करून नोकरी कुठे? रत्नागिरी जिल्ह्यात किती जिऑलॉजिस्टच्या पोस्ट आहेत? हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. आमच्या नात्यातला एक एमएस्सी होऊन क्लासेस घेतोय. धनगरवाड्यावरच्या पोराला तुम्ही पाच वर्षं शिकायला पाठवणार, तोवर घर कोण चालवणार? बाप खाणीवर, उद्या त्याची कंबर गेली तर? आयटीआय करू दे, दोन वर्षांत पगार चालू. हुशार आहे म्हणता तर पॉलिटेक्निकला सिव्हिल घालू दे. श्रीमंतांच्या पोरांनी दगडांचा अभ्यास करावा.


पाणाड्याची_नात (अलिबाग)

सातबारा, तुमचा शेवटचा शब्द सोडला तर बाकीचं मला पटतं, आणि शेवटच्या शब्दावरच माझं भांडण आहे. पण आधी सरांना उत्तर देते.

मी भूजलाच्या कामात आहे. माझे आजोबा पाणाड्या होते, तळहातावर नारळ ठेवून विहिरीची जागा सांगायचे. मी रेझिस्टिव्हिटी मीटर, म्हणजे जमिनीत वीज सोडून पाणी शोधायचं यंत्र, घेऊन फिरते आणि निम्म्या गावांचा विश्वास अजून नारळावरच जास्त आहे, असो. सर, तुमच्या त्या मुलाचा प्रश्न काय कमी दर्जाचा नाही. रत्नागिरीत वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि मे महिन्यात सड्यावरच्या, म्हणजे कातळाच्या पठारावरच्या, वाडीला टँकर लागतो. का? वरचा जांभा म्हणजे चाळण, पाणी आत जातं आणि थांबत नाही, खालच्या चिकणमातीच्या थरावर पोचलं की आडवं सरकतं आणि सड्याच्या कडेला झरा होऊन बाहेर पडतं, तिथून ओढा, खाडी, समुद्र, दिवाळीपर्यंत खेळ खलास. हा त्याच वाड्यावर वाढलाय, त्याच्या घरच्या बायांनी त्या झऱ्यापासून वर हंडे वाहिलेत. त्याला जी मऊ पांढरट माती लागते म्हणतो ना, तोच तो थर. खडक कुजत कुजत वर लोह आणि ॲल्युमिनियम राहतं आणि त्याचा कडक जांभा होतो, सिलिका वगैरे पाण्याबरोबर निघून जाते, खाली अर्धवट कुजलेल्या दगडाची माती उरते. त्याला सांगा, या जांभ्याला लॅटेराइट हे नाव १८०७ मध्ये बुकॅनन नावाच्या स्कॉटिश डॉक्टरने केरळात दिलं, आपल्यासारखेच चिरे काढताना बघून.

पण एक लक्षात ठेवा, कोकणातल्या पोरांना जमीन कळतेच हो, असं कौतुक करून त्यांना पाठवू नका. झरा माहीत असल्याने क्रिस्टलोग्राफीचा (स्फटिकशास्त्र) पेपर सुटत नाही. पहिल्या वर्षी लाकडी क्रिस्टल मॉडेल हातात देतात आणि सममितीची प्रतलं मोजायला सांगतात, मायक्रोस्कोपखाली खनिजं फिरवून रंग ओळखायचे, टोपोशीट म्हणजे जमिनीची उंचसखल दाखवणारा नकाशा वाचायचा, आणि हे सगळं अशा पोरांबरोबर की ज्यांनी शाळेत असतानाच म्युझियम बघितलेलं असतं. आपल्याकडे जन्मभर काळा दगड आणि जांभा हे दोनच बघितलेले, घडी पडलेला थर नाही की जीवाश्म नाही. त्यासाठी बारावीच्या सुट्टीत एक दिवस त्यांना खाली दक्षिणेला न्या. कासार्ड्याला सिलिका सँड आहे, रेडीला लोहखनिजाची खाण आहे, सिंधुदुर्गात डेक्कन ट्रॅपच्या, म्हणजे त्या काळ्या बेसॉल्ट दगडाच्या, खालचे कितीतरी जुने दगड उघडे पडलेत. एसटीने जाऊन येता येतं आणि पोराला कळतं की सगळं जग बेसॉल्टचं नाही.

टिकण्याबद्दल. माझ्या बघण्यात पोरं अभ्यासाने कमी आणि पहिल्या फील्ड टूरने जास्त गळतात. टूर कंपल्सरी असते, मार्क असतात, पैसे पहिल्या सेमिस्टरला किंवा लगेच नंतर भरायचे असतात आणि स्कॉलरशिप येते वर्ष संपताना. या मधल्या खड्ड्यात पोरं पडतात. टूरचे पैसे, बूट, हातोडा, भिंग, सॅक. जिऑलॉजीचा चांगला हातोडा किती महाग असतो बघा एकदा, बाप विचारेल सोन्याचा आहे का म्हणून. म्हणून ॲडमिशनच्या दिवशीच विभागप्रमुखांना भेटून सरळ विचारायचं: टूर कधी, खर्च किती, हप्त्याने चालेल का, स्टुडंट एड फंड आहे का, विभागाचे हातोडे आणि क्लायनोमीटर (थराचा उतार मोजायचं साधन) वापरायला मिळतात का. बहुतेक ठिकाणी काहीतरी सोय असते पण ती नोटीस बोर्डावर लावलेली नसते, मागणाऱ्याला मिळते. आणि आपली पोरं मागत नाहीत. लाजतात. ते काम पहिल्यांदा तुम्ही करा सर, नुसता एक फोन, की मी यांचा शिक्षक बोलतोय. विभागात त्या पोराचं नाव कोणालातरी माहीत झालं की तो दोन दिवस आला नाही तर विचारणारं कोणीतरी असतं.

मुलीबद्दल वेगळं लिहिते. घरी विचारणार, रानात पुरुषांबरोबर फिरायचं का, रात्री कुठे राहायचं. हे प्रश्न चुकीचे नाहीत. टूरला मॅडम सोबत असतात का हे विचारा. पाळीच्या दिवसात दिवसभर सड्यावर आडोसा नसतो, हे कोणी सांगत नाही आणि मुली पाणी न पिता फिरतात आणि चक्कर येऊन पडतात, मी पडलेय. सीनियर मुलींकडून या गोष्टी कळतात, म्हणून जिथे विभागात चार मुली आधीपासून आहेत असं कॉलेज बघा, नाव थोडं कमी असलं तरी चालेल. पूर्वी खाणीत बायकांना जमिनीखाली काम करायला कायद्यानेच बंदी होती, २०१९ ला तांत्रिक आणि देखरेखीच्या कामासाठी ती उठली, म्हणजे हे दार आता आता उघडलंय. आणि घरच्यांना उदाहरण हवं असेल तर १९८३ ला अंटार्क्टिकाला गेलेल्या दोघी सांगा, सुदीप्ता सेनगुप्ता भूवैज्ञानिक आणि अदिती पंत समुद्रशास्त्रज्ञ. अदिती पंत नागपूरच्या, बीएस्सी पुण्याची, आणि नोकरी त्याच एनआयओत. अंटार्क्टिकाला बाई गेली म्हटल्यावर गुहागरला जायला काय हरकत आहे!

मुलीच्या आईला माझ्याशी बोलायचं असेल तर मला मेसेज करा, मी फोन करीन. बापाशी पण बोलेन पण आईशी आधी.


सातबारा (लांजा)

ताई, टँकरचं बरोबर लिहिलंत. पण पाच वर्षांचा हिशोब कोणी दिला नाही अजून.


पाणाड्याची_नात (अलिबाग)

देते. नुसत्या बीएस्सीवर फार काही नाही, हे तुमचं खरं आणि ते पोरांना आजच सांगायचं. एमएस्सी धरूनच चालायचं. एमएस्सीनंतर यूपीएससीची कंबाइंड जिओ-सायंटिस्ट परीक्षा, त्यातून जीएसआय (भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण) आणि केंद्रीय भूजल मंडळ, वय २१ ते ३२. राज्यात भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा, भूविज्ञान आणि खनिकर्म संचालनालय. जागा दरवर्षी सारख्या निघत नाहीत, कधी दुष्काळ. खाजगीत बोगदे, धरणं, रस्ते, पाणी, जीआयएस (संगणकावरचे नकाशे). कोकणात बोगदे आणि दरडी दोन्हीची कमी नाही. २०२१ ला २२ जुलैला तळिये झालं, २०२३ ला इर्शाळवाडी, आणि आमच्या रायगडात पावसाळा आला की आता प्रत्येक डोंगराखालच्या वाडीत लोकं तडे मोजत बसतात. जीएसआय दरडींच्या धोक्याचे नकाशे करते, पण नकाशात रंगवलेल्या वाडीत जाऊन तिथल्या भाषेत सांगणारा माणूस लागतो. इर्शाळवाडी ठाकरांची होती. ठाकर, कातकरी समाजातले भूवैज्ञानिक मला शोधून सापडत नाहीत. म्हणून तो "श्रीमंतांच्या पोरांनी" शब्द मला लागला. डोंगर ज्यांच्या घरावर येतो त्यांचं कोणी या विषयात नसावं हे कसं?

पैशाचं: एससी मुलांना हॉस्टेल नाही मिळालं तर स्वाधार योजना आहे, आदिवासी मुलांसाठी स्वयंम, ओबीसी आणि भटक्यांसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना. अटी नीट वाचा, कोणता कोर्स बसतो ते बघा. एमएस्सीला गेल्यावर ओएनजीसीची स्कॉलरशिप असते, वर्षाला ४८ हजार, जिऑलॉजी आणि जिओफिजिक्सच्या मास्टर्सलाही मिळते आणि त्यात मुलींसाठी अर्धा वाटा राखलेला. तरीपण पहिलं वर्ष खिशातून जाणार. त्याला इलाज नाही, गावातून कोणीतरी उसने द्यायला लागतील.


हर्णैकर (सध्या टेक्सास)

वाचून राहवलं नाही म्हणून लिहितोय, इकडे रात्रीचा एक वाजलाय. मी दापोलीचा, मराठी मीडियम, आता सेडिमेंटोलॉजीत, म्हणजे गाळाच्या शास्त्रात, पीएचडी करतोय.

पहिली गोष्ट, हा आपलाच प्रश्न नाही. २०१८ ला नेचर जिओसायन्समध्ये एक लेख आला होता, अमेरिकेत जिओसायन्सच्या पीएचडीत वांशिक अल्पसंख्याकांचं प्रमाण ४० वर्षांत जवळपास हललंच नाही असं त्यात आकडे लावून दाखवलंय. एवढे पैसे, एवढ्या योजना असून. कारणं पण ओळखीची: घरात कोणाला विषय माहीत नाही, फील्ड कॅम्पचा खर्च, आणि वर्गात आपल्यासारखं दुसरं कोणी नाही.

इथल्या विद्यापीठात २००५ पासून जिओफोर्स नावाचा एक कार्यक्रम आहे. टेक्सासच्या नैऋत्येकडची गावं आणि ह्युस्टनमधली शाळकरी मुलं, त्यातली बरीच लॅटिनो आणि कृष्णवर्णीय. दर उन्हाळ्यात त्यांना आठवडाभर फिरायला नेतात, कधी ग्रँड कॅन्यन, कधी ज्वालामुखीच्या बाजूला, फुकट. यातली युक्ती फिरण्यात नाही, माझ्या मते. युक्ती ही आहे की तीच मुलं तीच टोळी हायस्कूलभर दरवर्षी एकत्र जाते. शेवटी त्यांच्यात कोण खडकात हुशार कोण नकाशात हुशार हे एकमेकांना माहीत असतं. एकाचं मन उडालं तर दुसरा ओढून आणतो.

म्हणून सर, तुमच्या प्रश्नाला माझं एका ओळीचं उत्तर: दोघांना एकाच कॉलेजात घाला. कॉलेज कुठलं हा त्यानंतरचा प्रश्न. तुमचा तो आधीचा मुलगा एकटा गेला होता, बरोबर ना? मी पुण्याला गेलो तेव्हा आमच्या गावचा एक पोरगा माझ्याच वर्गात होता. तो नसता तर मी दिवाळीच्या सुट्टीतून परत गेलो नसतो. आम्ही दोघं रात्री खोलीत बसून दिवसभराचं लेक्चर मराठीत एकमेकांना परत शिकवायचो, त्यात अर्ध्या शिव्या असायच्या, पण सुटायचं. एनपीटीईएल या आयआयटींच्या ऑनलाइन पोर्टलवर जिऑलॉजीची लेक्चर्स फुकट आहेत, वेग कमी करून आणि सबटायटल लावून बघायची. जीएसआयच्या भूकोश पोर्टलवर आपल्या तालुक्याचा नकाशा बघता येतो, आतापासूनच त्यात आपलं गाव शोधायला सांगा.

आणि मुलीला सांगा, माझ्या स्वतःच्या गावाजवळ केळशीला वाळूची टेकडी आहे, तिथे जुन्या त्सुनामीच्या खुणा शोधायला संशोधक येऊन गेले. मी लहानपणी त्या टेकडीवरून घसरगुंडी खेळलोय, कोणी सांगितलं नाही की तिच्यात वाचण्यासारखं काही आहे.


बांदा_ते_पणजी (सावंतवाडी)

हर्णैकर, ऐकायला छान वाटतं पण इथे गोची आहे. मुलीचं मन समुद्रात, तिच्यासाठी गोवा. मुलाचं मन जांभ्यात नि पाण्यात, आणि त्याच्या सवलती महाराष्ट्रात, त्याला पुणे नाहीतर मुंबईच स्वस्त पडणार. एकत्र ठेवायच्या नादात एकाचं नुकसान करायचं का? आणि मुलगा-मुलगी एकाच गावची एकत्र पाठवली तर गाव काय बोलेल तेही बघा, तुम्ही टेक्सासात आहात.


हर्णैकर (सध्या टेक्सास)

गावाचा मुद्दा मान्य, तो विसरलोच होतो. पण बीएस्सीला समुद्र आणि जांभा असा फरक नसतो रे, तीन वर्षं सगळ्यांना सगळंच शिकवतात. समुद्र एमएस्सीला निवडता येतो. तिने बीएस्सी पुण्याला करून एमएस्सीला गोव्याला जावं की.


पाणाड्याची_नात (अलिबाग)

मी हर्णैकरांच्या बाजूने. गाव बोलतंच. दोघांच्या जागी तिघं चौघं पाठवा म्हणजे बोलायला जागा राहणार नाही. सर, शेजारच्या कॉलेजांत विचारा, लांजा, देवगड, गुहागर, कुठेतरी अजून एखादं पोरगं असंच प्रश्न विचारत बसलेलं असणार.


फॉर्मवाला_दादा (चिपळूण)

सायबर कॅफे चालवतो, दरवर्षी शेकडो फॉर्म भरतो, तेव्हा माझ्या परीने सांगतो. सगळे मोठ्या मोठ्या गोष्टी बोलताय आणि पोरं अडकतात कागदांवर.

धनगर मुलगा आहे ना, तो राज्यात एनटी-सी (भटक्या जमाती-क) मध्ये येतो. पण केंद्राच्या यादीत एनटी-सी असं काही नाही, तिथे तो ओबीसी. म्हणजे उद्या एमएस्सीसाठी आयआयटीची जॅम परीक्षा दिली तर राज्याचा दाखला चालणार नाही, केंद्राच्या नमुन्यातला ओबीसी नॉन क्रीमीलेयरचा लागतो आणि तो पण त्या वर्षीच्या १ एप्रिलनंतर काढलेला. लोक जुना लावतात आणि सीट जाते, डोळ्यांनी बघितलंय. जात पडताळणी बारावीतच टाका, कॉलेजच्या पत्रासहित, बार्टीच्या पोर्टलवर. आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला नसेल, धनगरवाड्यावर बहुतेक नसतोच, तर महसुली जुने पुरावे, चुलत आजोबांचं काही असेल ते शोधायला आत्तापासून लागा, त्यालाच महिने जातात. मुलीचंही तेच.

जॅमचं अजून एक, फॉर्म साधारण सप्टेंबर-ऑक्टोबरला असतो आणि परीक्षा फेब्रुवारीत, पेपर फक्त इंग्रजीत. मुलींना आणि एससी एसटीला फी निम्मी. बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला ऑक्टोबरात पोरं परीक्षेच्या गडबडीत असतात आणि तारीख जाते. कोणीतरी आठवण करायला हवं.


सातबारा (लांजा)

दादाचं उत्तर सगळ्यात कामाचं. माझं मत फार बदललेलं नाही, घराचं कसं भागणार हा प्रश्न तसाच आहे. पण सर, त्या मुलाच्या बापाला एकदा विचारा तरी. आपण सगळे इथे परस्पर ठरवतोय. आणि टूरच्या पैशाचं म्हणाल तर पहिल्या वर्षीचं मी बघतो, फार मोठी रक्कम नसेल तर. नाव कुठे टाकू नका.


कातळसडा (राजापूर)

सगळ्यांचे आभार. काल मुलाच्या घरी जाऊन आलो. वडिलांनी एवढंच विचारलं की सुट्टीला घरी येईल ना, खाणीवर जून ते सप्टेंबर काम बंदच असतं तेव्हा त्याची गरज नाही, पण दिवाळीनंतर भात झोडायला हवा. म्हटलं बघू. पाच वर्षं म्हटल्यावर थोडा वेळ गप्प होते, मग म्हणाले धाकटा आहे घरी. हो म्हणाले नाहीत, नाही पण म्हणाले नाहीत. आजोबांचा दाखला नाही, पण चुलत आजोबा कोल्हापूर बाजूला शाळेत होते म्हणतात, त्याच्या मागे लागलोय.

मुलीच्या आईचा नंबर पाणाड्याच्या नातीला मेसेज केलाय. एनआयओला फोन केला, दोघं आणि देवगडची एक मुलगी मिळालीय ती, आणि मुलीची आई पण येते म्हणाली. एक विचारायचं राहिलं, राजापूर रोडहून सकाळी मडगावला पोचेल अशी कुठली गाडी आहे? आणि करमळीला उतरून दोना पावला जवळ पडेल का?


बांदा_ते_पणजी (सावंतवाडी)

करमळीलाच उतरा, तिथून पणजी अगदी जवळ, पणजी स्टँडवरून दोना पावलाच्या बस सारख्या असतात. गाडीची वेळ रेल्वेच्या ॲपवर बघा, पावसाळी टाइमटेबल वेगळं असतं. मी त्या दिवशी पणजीतच असेन, स्टँडवर येतो. मुलीच्या आईला सांगा जेवण आमच्याकडे, डबा आणू नका.